वायफाय कंट्रोलरचं अपग्रेड: शिडी न काढता सकाळ व्हावी म्हणून

कंट्रोलर अपग्रेड करणं म्हणजे कंट्रोलर अपग्रेड करणं, असा समज घेऊन मी या कामात आलो. पहिल्या दोन रात्रींतच तो उतरला. कंट्रोलर, म्हणजे सगळ्या वायफाय डब्यांना एका जागेवरून चालवणारं यंत्र, सर्व्हर रूममध्ये गार हवेत बसलेला असतो, कन्सोल केबल हाताशी असते. बिघडला तरी तो समोर असतो. खरं अपग्रेड असतं ते फॉल सीलिंगवर, जिन्याच्या वळणावर आणि होस्टेलच्या चौथ्या मजल्यावर टांगलेल्या साडेतीनशे-चारशे डब्यांचं, म्हणजे वायफाय हवेत सोडणाऱ्या अॅक्सेस पॉइंटांचं (पुढे नुसतं एपी). त्यातला एक जरी अडकला तरी शिडी, वॉचमन आणि किल्ली या तिघांना एकत्र आणावं लागतं. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा हेतू एकच आहे: अॅक्सेस पॉइंटचं काम कंट्रोलर रीबूट करण्याआधीच उरकायचं.

हे लिहिताना डोळ्यासमोर सिस्कोचा कॅटलिस्ट ९८०० आहे, कारण माझे हात त्यावरच बसलेत. आमच्या कॅम्पसमध्ये ९८००-४० ची जोडी आहे आणि सुमारे ३८० एपी. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, रात्री फोनवरून सहकाऱ्याला सांगतो तशाच.

कुठली आवृत्ती घ्यायची

९८०० वर आयओएस-एक्सई ही सिस्कोची प्रणाली चालते. त्यातली प्रत्येक तिसरी आवृत्ती दीर्घ मुदतीची असते: १७.३, १७.६, १७.९, १७.१२, १७.१५. यांना ३६ महिने आधार मिळतो, मधल्यांना १२ महिने. कॉलेज, कारखाना, इस्पितळ यांनी मधल्या आवृत्त्यांकडे बघूच नये. एखादी नवी सोय फक्त तिथेच असली तरी पुढच्या दीर्घ आवृत्तीपर्यंत थांबावं. पहिलीच आवृत्ती, म्हणजे शेवटी १ असलेली, मी कधी घेत नाही. तिसरी-चौथी दुरुस्ती आली की मग विचार करतो.

पण 'चाललंय ना, मग कशाला हात लावायचा' हेही आता परवडत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस-एक्सईच्या वेब पानातलं एक भगदाड उघडं पडलं, सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक सीव्हीई-२०२३-२०१९८. गांभीर्य १० पैकी १०, आणि ते जाहीर झालं तेव्हा हल्लेखोर ते आधीच वापरत होते. वेब पान चालू असलेले ९८०० त्यात आलेच. मे २०२५ मध्ये आणखी एक १० चं आलं, सीव्हीई-२०२५-२०१८८. ते होतं एपींना एचटीटीपीएसवरून इमेज, म्हणजे नव्या आवृत्तीची फाइल, देण्याच्या सोयीत. ही सोय मुळात बंद असते, पण दूरच्या शाखांना इमेज लवकर पोचावी म्हणून बऱ्याच जणांनी हौसेनं चालू केली होती. ती तुमच्याकडे चालू आहे का, हे आवृत्ती ठरवण्याआधी बघा.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तोच लोक गाळतात: तुमच्याकडचा प्रत्येक एपी नव्या आवृत्तीत बसतो का? 'शो एपी समरी' काढा, मॉडेलच्या रकान्यावर यादी लावा आणि रिलीज नोट्समधल्या यादीशी एकेक मॉडेल जुळवा. १७००, २७००, ३७०० या जुन्या मॉडेलांची गंमत बघा. १७.३ पर्यंत ती होती, १७.४ पासून काढली, मग १७.९.३ मध्ये परत आणली. १७.१२ वर ती चालतात, पण १७.१५ वर गेलात तर ती जोडलीच जाणार नाहीत. कपाटामागे किंवा लायब्ररीच्या पोटमाळ्यावर असा एखादा म्हातारा हमखास निघतो.

या म्हाताऱ्यांचं आणखी एक दुखणं आहे. त्यांच्या इमेजवर सही करणारं सर्टिफिकेट ४ डिसेंबर २०२२ ला संपलं. त्यानंतर जुन्या इमेजवरचा असा एपी नवी इमेज उतरवायला घेतो, सही तपासतो, तारीख उलटलेली बघतो आणि 'डाउनलोडिंग'वरच बसून राहतो. उपाय गमतीचा आहे. कंट्रोलरचा एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सेवा) तोडून घड्याळ त्या तारखेच्या मागे न्यायचं, एपीला इमेज घेऊ द्यायची आणि मग घड्याळ परत आणायचं. पण चालू कंट्रोलरवर हे करू नका. त्या तारखेनंतर कारखान्यातून निघालेल्या नव्या एपींची सर्टिफिकेटं मागे नेलेल्या घड्याळात 'अजून जन्मलेलीच नाहीत' अशी ठरतात, आणि ते बाहेर पडतात. मी व्हर्च्युअल ९८००-सीएल उभा करतो, त्याचं घड्याळ मागे लावतो आणि म्हाताऱ्यांना तिथे नेऊन तरुण करून आणतो.

रचना आधी नीट करा

अपग्रेडची रात्र ही रचना सुधारायची रात्र नव्हे. ती महिनाभर आधी सुधारा.

९८०० मध्ये प्रत्येक एपीला तीन टॅग लागतात. पॉलिसी टॅग सांगतो कुठलं वायफाय नाव कुठल्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात) जाईल, साइट टॅग सांगतो एपी कुठल्या गटातला, आणि आरएफ टॅग रेडिओचं बघतो. एअरओएस या सिस्कोच्या आधीच्या कंट्रोलर प्रणालीवरून आलेले लोक साइट टॅगला शोभेची चिठ्ठी समजतात आणि सगळे एपी डिफॉल्टवर सोडतात. पण कंट्रोलरच्या पोटात एपी सांभाळणाऱ्या डब्ल्यूएनसीडी नावाच्या प्रक्रिया असतात, ९८००-४० मध्ये पाच आणि ९८००-८० मध्ये आठ. एपी कुठल्या प्रक्रियेच्या वाट्याला जाणार, हे साइट टॅगवरून ठरतं. त्यामुळे इमारतीनुसार टॅग करा, एकात ५०० पेक्षा जास्त एपी नकोत, आणि टॅगची संख्या शक्यतो पाचच्या पटीत ठेवा. आमच्याकडे दहा आहेत. शेजारच्या इमारती, जिथून मुलं चालता चालता एका एपीवरून दुसऱ्यावर जातात, त्या एकाच टॅगमध्ये ठेवल्या तर उत्तम. टॅग बदलला की तो एपी कंट्रोलरपासून तुटून परत जोडला जातो, म्हणून हे कामही संध्याकाळनंतरच करा.

'एपी टॅग पर्सिस्टन्सी एनेबल' ही ओळ टाकून ठेवा. मग एपी आपले टॅग स्वतःच्या पोटात लिहून ठेवतो. उद्या तो दुसऱ्या कंट्रोलरवर गेला तरी ओळख विसरत नाही.

एपीला कंट्रोलरचा पत्ता कसा मिळतो, हेही तपासा. रोज चालणाऱ्या एपीला जुना पत्ता पाठ असतो. डीएचसीपीतला (आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेतला) पर्याय ४३, म्हणजे एपीला कंट्रोलरचा पत्ता सांगणारी नोंद, चुकीचा असला तरी दोन दोन वर्षं कुणाला कळत नाही, आणि फॅक्टरी रीसेट केलेला एपी जोडला जाईना की मग शोधाशोध सुरू होते. हिशोब साधा आहे. पहिले दोन अंक नेहमी एफ१, मग पत्त्यांच्या बाइटची संख्या, मग पत्ता हेक्समध्ये. कंट्रोलर १०.२०.०.५ वर असेल तर: एफ१, ०४, ०ए, १४, ००, ०५. दोन कंट्रोलर असतील तर ०४ च्या जागी ०८ आणि पुढे दुसरा पत्ता. मध्ये फायरवॉल असेल तर यूडीपी ५२४६ आणि ५२४७ दोन्ही उघडे हवेत. पहिल्यावर नियंत्रण चालतं, दुसऱ्यावर लोकांचा डेटा. फक्त पहिला उघडा ठेवला तर एपी हिरवागार दिसतो आणि कुणालाच इंटरनेट मिळत नाही.

देशाचा कोड भारत आहे ना, तेही बघून घ्या. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झमध्ये भरपूर जागा मोकळी झाली, ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. मधले बरेच चॅनल डीएफएसचे आहेत. रडार ऐकू आलं की एपीला ते सोडून जावं लागतं. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड रडार आहे. अशा रडारच्या आसपास १२० ते १२८ चॅनल मी सरळ यादीतून काढून टाकीन.

आठवडाभर आधी

'शो व्हर्जन' काढा आणि कंट्रोलर इन्स्टॉल मोडमध्ये आहे का ते बघा. बंडल मोडमध्ये असेल, म्हणजे थेट बिन फाइलवरून बूट होत असेल, तर खालचं काही चालणार नाही. आधी मोड बदला. त्याला एक रीबूट लागतो.

'शो रिडंडन्सी' मध्ये दुसरा कंट्रोलर स्टँडबाय हॉट, म्हणजे लगेच जागा घ्यायला तयार, दिसायला हवा. जोडीतला एक महिनाभर मेलेला असतो आणि कुणाला पत्ता नसतो, असंही मी पाहिलंय.

कॉन्फिगरेशन कंट्रोलरच्या बाहेर उतरवून ठेवा. त्यासोबत चार कमांडचं आउटपुट टेक्स्ट फाइलमध्ये जपा: एपी समरी, एपी टॅग समरी, क्लायंट समरी आणि एपी अपटाइम. दुसऱ्या दिवशी सकाळी 'आधी पण असंच होतं' म्हणणाऱ्या माणसाला दाखवायला याहून चांगलं काही नाही.

जागा करा. 'इन्स्टॉल रिमूव्ह इनॅक्टिव्ह' दिलं की जुन्या आवृत्त्यांच्या फाइली जातात. मग नवी इमेज कंट्रोलरच्या बूटफ्लॅश साठ्यावर आणा आणि चेकसम, म्हणजे फाइल शाबूत आहे हे सांगणारा आकडा, जुळवा. एक जीबीच्या वरची फाइल आहे, अर्धवट उतरलेली असू शकते. ही दोन मिनिटं वाचवू नका.

खरी पायरी

'इन्स्टॉल अॅड फाइल' आणि पुढे फाइलचं नाव. कंट्रोलर फाइल फोडून सुटी पॅकेजं करतो आणि जोडीतल्या दुसऱ्यालाही पाठवतो. हे दिवसाढवळ्या चालतं, कुणाचं वायफाय जात नाही.

एक पाटी इथेच लावतो. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी अॅड, अॅक्टिव्हेट आणि कमिट एकाच ओळीत दिलेलं दिसेल. स्विचसाठी ते ठीक आहे. वायरलेस कंट्रोलरवर तसं केलंत तर एपींना इमेज आधी पोचतच नाही. कंट्रोलर नव्या आवृत्तीवर उठतो, ३८० एपी एकदम दारात येतात, प्रत्येकाला 'तुझी आवृत्ती जुनी, ही घे' असं सांगितलं जातं आणि पुढचा तास-दीड तास सगळा कॅम्पस निळा लुकलुकत बसतो. इमेज लिहिली जात असताना या एपींचा दिवा निळा लुकलुकतो.

त्याऐवजी 'एपी इमेज प्रीडाउनलोड' द्या. एपीच्या पोटात दोन कप्पे असतात. एकातून तो चालतो, दुसरा राखीव. प्रीडाउनलोडमध्ये नवी इमेज राखीव कप्प्यात जाते आणि लोकांचं काम चालू राहतं. रीबूटनंतर एपी फक्त कप्पा बदलतो.

मग 'शो एपी इमेज' देत राहा. वर एकूण आकडे येतात: किती सुरू झाले, किती पूर्ण, किती नापास, किती असमर्थित. खाली एकेक एपी, त्याची चालू इमेज, राखीव इमेज आणि स्थिती. आमच्याकडे संध्याकाळी सातला सुरू केलं की साडेआठपर्यंत आकडा ३७० च्या पुढे जातो आणि मग तिथेच घुटमळतो. उरलेल्या सात-आठांकडे खरं लक्ष द्यायचं. बहुतेक वेळा केबल अर्धवट तुटलेली असते आणि पोर्ट १०० मेगाबिटवर येऊन त्रुटी मोजत बसलेला असतो. अशा एपीला आत्ताच, लोक जागे असताना, रीबूट करा आणि फक्त त्याच्यासाठी प्रीडाउनलोड परत द्या. रात्री दोनला तिथे शिडी लावण्यापेक्षा हे बरं.

लीज्ड लाइनच्या टोकाला शाखा असेल तर हे दोन दिवस आधी करा. नियंत्रणाच्या बोगद्यातून इमेज फार सावकाश जाते, आणि काही जुन्या आवृत्त्यांत फाटक्या लिंकवरून उतरलेली इमेज खराब निघून एपी बूटच्या फेऱ्यात अडकायचे. फ्लेक्सकनेक्टच्या, म्हणजे लोकांचा डेटा शाखेतच बाहेर सोडणाऱ्या, शाखेत एका एपीनं इमेज घ्यायची आणि शेजाऱ्यांना वाटायची, अशी सोय आहे. तिथे तीच वापरा.

रात्र

एनओसीला (नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षाला) कळवलं, 'राइट मेमरी' केलं, दोन्ही कन्सोल लॅपटॉपला लावले, की 'इन्स्टॉल अॅक्टिव्हेट'. प्रश्नाला वाय. जोडीतले दोन्ही कंट्रोलर एकत्रच जातात. पंखे जोरात ओरडतात, मग शांत होतात. दहा-पंधरा मिनिटं कन्सोलवर टिंबं सरकत राहतात आणि त्या वेळात काहीही न करणं हेच काम असतं. पॉवर केबलला हात लावू नका.

लॉगिन आलं की एपी यायला लागतात. जोडणी शोधणाऱ्या एपीचा दिवा हिरवा, लाल, पिवळा असा फिरत राहतो. फिरायचा थांबला की तो पोचला. पहिल्या पाच मिनिटांत आकडा झपाट्यानं चढतो. आकडा पुरा झाला म्हणून लगेच खूश होऊ नका. 'शो एपी टॅग समरी' काढून आधीच्या फाइलशी ताडून बघा. एपी जोडलेला आहे पण डिफॉल्ट टॅगवर पडलाय, असं असेल तर त्याच्यावर तुमचं वायफाय नाव दिसणारच नाही.

मग फोन घेऊन चालायला निघा. मी तीन गोष्टी हातानं बघतो: कर्मचाऱ्यांच्या नेटवर्कवर युजरनेम-पासवर्डनं लॉगिन, पाहुण्यांचं पान उघडतंय का, आणि एज्युरोम, म्हणजे एका संस्थेच्या खात्यानं दुसऱ्या संस्थेत मिळणारं वायफाय. आपल्याकडे एज्युरोम अर्नेट, म्हणजे शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क, चालवतं. बाहेरच्या संस्थेचं खातं असलेला एखादा मित्र त्या रात्रीपुरता हाताशी ठेवा, कारण आपल्याच खात्यानं तपासलं तर बाहेरचा रस्ता तपासलाच जात नाही.

आता कमिट, म्हणजे नवी आवृत्ती पक्की करणं. 'शो इन्स्टॉल समरी' मध्ये नव्या आवृत्तीपुढे 'यू' दिसेल, म्हणजे चालू आहे पण कमिट नाही. खाली एक घड्याळ उलटं चालत असतं, ०५:४१ वगैरे. अॅक्टिव्हेटपासून सहा तासांत 'इन्स्टॉल कमिट' दिलं नाही, तर तुम्ही कंट्रोलरच्या आवाक्याबाहेर गेलात असं समजून तो आपणहून जुन्या आवृत्तीवर परत जातो. सोय झकास आहे. मी एकदा रात्री एकला सगळं तपासलं, सगळं छान बघितलं, कमिट न देता घरी जाऊन झोपलो आणि सकाळी सातला फोन वाजला. ऑनलाइन परीक्षा साडेआठला होती. एपींच्या राखीव कप्प्यात जुनी इमेज होती म्हणून पुन्हा डाउनलोड लागलं नाही, आठच्या आत सगळे परतले. नाहीतर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता.

काही बिघडलंच, तर कमिटच्या आधी 'इन्स्टॉल अबॉर्ट', कमिटनंतर 'इन्स्टॉल रोलबॅक'. दोन्हींत रीबूट आहे.

जिथे पंधरा मिनिटंही बंद ठेवता येत नाही

इस्पितळात किंवा तीन पाळ्यांच्या कारखान्यात वरची पद्धत नको. जोडी नीट असेल आणि दोन्ही आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या असतील तर आयएसएसयू, म्हणजे सेवा चालू ठेवून अपग्रेड, वापरता येतं. आधी स्टँडबाय अपग्रेड होतो, मग भूमिका बदलतात, मग दुसरा. एपी तुकड्यातुकड्यांनी रीबूट होतात. वेगळा तिसरा कंट्रोलर असेल तर मला एन-प्लस-वन जास्त आवडतं. नवी आवृत्ती त्या तिसऱ्यावर आधी चढवायची, तो त्याच मोबिलिटी गटात (एकमेकांना ओळखणाऱ्या कंट्रोलरांच्या गटात) ठेवायचा, आणि एपी ५, १५ किंवा २५ टक्क्यांच्या तुकड्यांनी तिकडे हलवायचे. तुकडी निवडताना कंट्रोलर शेजारी-शेजारी दोन एपी एकदम काढत नाही, त्यामुळे वॉर्ड अंधारात जात नाही. टॅग पर्सिस्टन्सीची ओळ इथे कामाला येते. माझ्या मते इस्पितळात ५ टक्केच ठेवा. वेळ लागेल, लागू द्या.

सकाळपासून पुढे

तक्रारी येणार त्या जुन्या उपकरणांच्या. हजेरीचं मशीन, बारकोड स्कॅनर, कॅन्टीनचा बिलिंग प्रिंटर ही मंडळी फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा पद्धतीचं नाव काढलं की रुसतात. अपग्रेडच्याच रात्री डब्ल्यूपीए३ चालू करू नका. पंधरा दिवसांनी करा, म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. एखाद्या लॅपटॉपला आपलं नेटवर्क यादीतच दिसत नसेल आणि शेजारच्याला दिसत असेल, तर बहुतेक इंटेलचा जुना ड्रायव्हर आहे. वायफाय ६ चं बीकन, म्हणजे एपी हवेत सतत देत असलेली आपली ओळख, त्याला समजत नाही. ड्रायव्हर बदला, कंट्रोलरला हात लावू नका.

वेळेबद्दल एक. आम्ही एकदा दिवाळीच्या सुट्टीत अपग्रेड केलं, होस्टेल रिकामं, सगळं हिरवं. मुलं परतल्यावर रात्री दहाला एका डब्ल्यूएनसीडीचा सीपीयू चढला, कारण तीन मोठी होस्टेलं एकाच साइट टॅगमध्ये होती आणि रिकाम्या इमारतीत ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून सत्र चालू असतानाचा, परीक्षेपासून दूरचा मंगळवार धरतो. बुधवारी रात्रीच खरा भार बघायला मिळतो आणि आठवड्याचे दोन दिवस हाताशी राहतात.

आठवडा शांत गेला की 'इन्स्टॉल रिमूव्ह इनॅक्टिव्ह' परत द्या, त्या चार कमांडचं आउटपुट नव्यानं काढून जुन्या फाइलीशेजारी तारखेसह ठेवा. आणि ज्या सात-आठ एपींनी संध्याकाळी अडवलं होतं, त्यांच्या केबल पुढच्या अपग्रेडच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या.